मुलाच्या दातांना फ्लोराइड लावण्याआधी हा हिशेब मांडा

सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात जून महिन्यात लहान मुलांची रीघ लागते. सुट्टीत आजोळी आइस्क्रीम, कुल्फी, आमरस असं सगळं झालेलं असतं आणि शाळा सुरू होताना कुणाच्या तरी लक्षात येतं की पोराचे दात काही ठीक दिसत नाहीत. अशीच एक साडेतीन वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर बसून आली होती. तिच्या वरच्या पटाशीच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ होती. कीड लागायची ही पहिली खूण. अजून खड्डा पडलेला नव्हता, म्हणजे दात परत घट्ट करता येण्यासारखा होता. मी म्हटलं, आज फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा फ्लोराइडचा लेप, लावू. आईने पर्समधून फोन काढून माझ्यापुढे धरला. "मॅडम, अमेरिकेत फ्लोराइडवर बंदी आलीये म्हणे. मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो असं आलंय ग्रुपवर. आणि तुम्ही हिला लावताय?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. आईने विचारलंच पाहिजे. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की अशा अर्धवट बातमीपायी कितीतरी पालक वार्निश नाकारून घरी जातात आणि वर्षभराने त्याच मुलाला रात्री ठणका लागला म्हणून उचलून आणतात. म्हणून आज सगळं पायरीपायरीने लिहिते आहे. फ्लोराइड चांगलं की वाईट, या वादात मी पडणार नाही. विचारायचा प्रश्न एकच आहे: दातावर किती लागतं आणि पोटात किती जातं? हा हिशेब तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहूनही करू शकता.

आधी बातम्यांचा घोळ सोडवू

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणं बंद केलं. त्याच वर्षी तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेने लहान मुलांना गिळायला देतात त्या फ्लोराइडच्या गोळ्या आणि थेंबांविरुद्ध पाऊल उचललं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा अहवाल आला होता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर त्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो, असं त्यात म्हटलं आहे. या तिन्ही बातम्या पोटात जाणाऱ्या फ्लोराइडच्या आहेत, म्हणजे रोज, घोटाघोटाने, वर्षानुवर्षं जाणाऱ्या. वर्षातून दोनदा दातावर थेंबभर लावायच्या वार्निशबद्दल त्यातली एकही नाही.

आपल्याकडे तर पुण्यातच काय, कुठल्याच शहरात पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत. आपला प्रश्न उलटा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे ते काढावं लागतं, आणि ते काढण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच विकसित केलेली आहे. त्या गावांतल्या मुलांचे तपकिरी डागांचे दात मी पाहिले आहेत. त्यामुळे फ्लोराइडची भीती निराधार आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. भीती योग्य जागी ठेवायला हवी, इतकंच.

पायरी १: ओठ उचलून बघा

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, खिडकीपाशी. मुलाचं डोकं तुमच्या मांडीवर घ्या आणि वरचा ओठ बोटाने अलगद वर करा. दात ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा, कारण थुंकीने ओल्या दातावर पांढरी रेघ दिसतच नाही. हिरडीलगत बघा. मग तोंड उघडायला लावून मागच्या दाढांच्या खाचा बघा.

दिसतं ते साधारण तीन प्रकारचं असतं. दुधाळ, खडूसारखी, चमक नसलेली पट्टी असेल तर कीड सुरू होते आहे. फ्लोराइडचा सगळ्यात जास्त फायदा याच अवस्थेत. पिवळट-तपकिरी खड्डा असेल आणि त्यात घास अडकत असेल तर कीड आत शिरली आहे. तिथे नुसतं वार्निश पुरणार नाही, दात भरावा लागेल किंवा कीड जागच्या जागी थांबवणारं औषध लावावं लागेल. आणि हिरडीवर पुटकुळी आली असेल, मूल एकाच बाजूने चावत असेल, रात्री ठणक्याने उठत असेल, तर फ्लोराइडची चर्चा बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा.

ती पांढरी पट्टी परत घट्ट कशी होते, हे पालकांना समजलं की त्यांची निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. आम्लता ठरावीक पातळीपलीकडे गेली, म्हणजे सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली आला, की दाताच्या वरच्या कवचातला कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतो. थोड्या वेळाने थुंकी ते आम्ल धुऊन काढते आणि तीच खनिजं दातावर परत बसतात. ही ये-जा दिवसभर चालू असते. बसताना आसपास थोडं फ्लोराइड असेल तर नवा थर आधीपेक्षा चिवट बनतो, आणि तो विरघळायला सामू आणखी खाली, ४.५ च्या आसपास जावा लागतो. वार्निशमुळे दातावर कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक कण साठून राहतात. तोंडात आम्ल वाढलं की त्यांतून फ्लोराइड सुटतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. हे काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं, त्यासाठी काही गिळावं लागत नाही.

पायरी २: घरातून पोटात किती जातं ते मोजा

दवाखान्यातल्या वार्निशला घाबरणारं घर टूथपेस्टकडे बघतही नाही, आणि खरी गडबड तिथेच असते.

आपल्याकडे टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराइड चालतं आणि हा आकडा ट्यूबवर छापावा लागतो. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लांब, वर शेंडी वळवलेली पेस्ट घेतली की ती साधारण एक ग्रॅम भरते. दोन वर्षांच्या मुलाला थुंकता येत नाही, ते बहुतेक सगळी गिळतं. दोनदा ब्रश केला तर दोन मिलिग्रॅमच्या आसपास झालं. एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात सगळीकडून मिळून रोज १.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, असं मानतात. चार ते आठ वर्षांसाठी ती मर्यादा २.२ आहे. पेस्टनेच मर्यादा ओलांडली. हे रोज होत राहिलं तर हिरडीखाली तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे ढगाळ डाग येतात. त्याला फ्लोरोसिस म्हणतात. आठ वर्षांपर्यंत ही जोखीम असते, आणि पुढच्या दातांसाठी सगळ्यात नाजूक काळ सव्वा ते अडीच वर्षांचा.

उपाय सोपा आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, ब्रशवर नुसती पुसलेली. सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅम. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण ०.२५ मिलिग्रॅम. आणि हा वाटाणा मटार उसळीतला भिजून फुगलेला नव्हे, लहान ताजा दाणा. पेस्ट नेहमी मोठ्या माणसाने लावून द्यायची. मुलाने थुंकायचं, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. पेस्टचा पातळ थर दातावर राहू द्यायचा.

माझ्याकडे एक आजी नातवाला घेऊन येतात. त्यांना मी खऱ्या ब्रशवर पेस्ट लावून दाखवायला सांगितलं. त्यांनी सवयीने भरभरून लावली. मग डब्यातून तांदळाचा एक दाणा काढून मी ब्रशवर ठेवला. आजी दोन्हींकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी तर त्याला रोज पोळीला लावायचं तूप लावत होते." तेव्हापासून तांदळाची छोटी डबी माझ्या टेबलावर कायम असते.

पेस्ट घेताना ट्यूबवरचा आकडा वाचाच. लहान मुलांच्या पेस्टमध्ये कुठे हजार पीपीएम असतं, कुठे पाचशेच्या आसपास, तर काही हर्बल पेस्टमध्ये शून्य. कीड लागायला लागलेल्या मुलाला शून्याची पेस्ट देणं म्हणजे नुसतं तोंड सुगंधी करणं. दाण्याएवढी हजारची पेस्ट त्याहून कितीतरी बरी. घरात कुणी मशेरी लावत असेल तर त्या बोटाने बाळाच्या हिरड्या कधीच चोळू नका. ती तंबाखू आहे.

मग पाणी. खडकवासल्याचं, म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर साखळीतलं धरणाचं पाणी घरी येत असेल तर फ्लोराइडची काळजी सहसा नसते. पण वाघोली, उंड्री, पिसोळी, आंबेगाव या भागांतल्या कितीतरी सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर आहेत, आणि टँकर कुठल्या विहिरीतून भरला हे कुणालाच ठाऊक नसतं. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. सोसायटीने वर्षातून एकदा उन्हाळ्यात, पाणी खोल गेलेलं असताना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून चाचणी करून घ्यावी आणि त्यात फ्लोराइड आवर्जून लिहायला सांगावं. नुसती "पिण्यायोग्य पाण्याची चाचणी" सांगितली की कधीकधी जंतूच तपासून देतात. घरी आरओ असेल तर त्यात बरंचसं फ्लोराइड निघून जातं.

चहाच्या पानातही नैसर्गिक फ्लोराइड असतं. तीन वर्षांच्या पोराला बशीत चहा ओतून बिस्किट बुडवून द्यायची आपल्याकडची हौस मला मनापासून नकोशी वाटते. फ्लोराइड त्यात थोडंच असतं, पण साखर आणि चिकट बिस्किट दिवसातून तीनदा दातांना चिकटून बसतं.

पायरी ३: काय लावायचं आहे, ते नावाने विचारा

"फ्लोराइड लावतात" या दोन शब्दांखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची जोखीम सारखी नाही.

*वार्निश.* सहा वर्षांखालच्या मुलासाठी मी हेच निवडते. राळेत मिसळलेलं ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं हे. म्हणजे २२,६०० पीपीएम. हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण ताकद किती यापेक्षा लागतं किती हे बघा. दुधाच्या दातांसाठी पाव मिलिलिटर पुरतं आणि त्यात साधारण ५.६ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. थुंकी लागली की ते दातावर चिकटून घट्ट होतं आणि पुढचे काही तास हळूहळू सुटतं, एका घोटात पोटात जात नाही. समजा सगळंच्या सगळं गिळलं. विषबाधेची शक्यता धरून दवाखान्यात न्यायची पातळी आहे वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम. १४ किलोच्या मुलाला ती ७० मिलिग्रॅम पडते. वार्निशचा अख्खा डोस तिच्या बाराव्या हिश्श्याच्या आसपास आहे, आणि तोही वर्षातून दोनदा. फायदाही मोजलेला आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात वार्निशमुळे दुधाच्या दातांतली कीड सरासरी ३७ टक्क्यांनी आणि कायमच्या दातांतली ४३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली.

*ट्रेमधला जेल.* हा आम्लधर्मी असतो, त्यात १.२३ टक्के फ्लोराइड, म्हणजे मिलिलिटरला १२.३ मिलिग्रॅम. आकडा वार्निशपेक्षा लहान दिसतो, पण इथे ट्रे भरून चार मिनिटं तोंडात ठेवायचा असतो, म्हणून एकूण मात्रा कितीतरी जास्त होते. मी नवी होते तेव्हा एका दवाखान्यात नोकरीला होते. तिथे पाच वर्षांच्या एका मुलाला दोन्ही ट्रे काठोकाठ भरून दिले, खुर्ची मागे झुकवलेली, थुंकी ओढणारी नळी लावलेलीच नाही. स्ट्रॉबेरीचा स्वाद होता. मुलगा शहाण्यासारखा गप्प बसला आणि घोट घोट गिळत राहिला. घरी जाताना रिक्षात त्याला उलट्या झाल्या. त्याच्या बाबांचा घाबरा आवाज फोनवर ऐकला तेव्हा माझे हात थरथरत होते. मुलगा संध्याकाळपर्यंत ठीक झाला, पण मी त्या दिवसापासून सहा वर्षांखाली जेल वापरला नाही. मोठ्या मुलाला जेल लावणार असतील तर मूल ताठ बसलेलं हवं, ट्रेच्या तळाशीच थोडासा जेल हवा, नळी चालू हवी, नंतर मिनिटभर थुंकायला लावायला हवं आणि त्या चार मिनिटांत कुणीतरी मोठं माणूस शेजारून हलता कामा नये. १९७४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तीन वर्षांचा एक मुलगा दातांना लावायचं फ्लोराइडचं द्रावण गिळल्याने दगावला होता. द्रव औषध, लहान मूल आणि दुर्लक्ष यांची गाठ पडली की काय होतं, ते त्यात दिसतं. लहान मुलांसाठी आज चिकटून राहणारं वार्निशच निवडतात, त्यामागे हेच कारण आहे.

*चुळीचं औषध.* सहा वर्षांखाली अजिबात नको. त्यापुढेही साधं पाणी तोंडात मिनिटभर खेळवून सगळं थुंकता येतं का, याची बेसिनपाशी परीक्षा घ्या आणि मगच द्या.

*सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड.* खड्डा पडलेला आहे, पण मूल इतकं लहान किंवा घाबरलेलं आहे की ड्रिल लावणं शक्य नाही, अशा वेळी हे ३८ टक्क्यांचं औषध कीड जागच्या जागी थांबवतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एक थेंब चार-पाच दातांना पुरतो आणि त्यात फ्लोराइड जेमतेम दोन मिलिग्रॅमच्या आसपास. अडचण वेगळीच आहे. किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो. औषध लावण्याआधी मी पालकांना दुसऱ्या दातांचे फोटो दाखवते आणि एक दिवस विचार करून या, म्हणून सांगते. समोरचा दात काळा झाल्यावर मग घरी रडारड होण्यापेक्षा ते बरं. ओठाला किंवा गालाला लागलं तर डाग आठवडाभरात जातो, शर्टावरचा जात नाही. चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंड आलेलं असेल तर हे लावत नाहीत. ठणका लागलेल्या, पू झालेल्या दाताला याचा उपयोग नाही.

पायरी ४: खुर्चीत बसवण्याआधी काय सांगायचं

मुलाला दमा असेल, आणि वर्षभरात त्यासाठी रुग्णालयात भरती करावं लागलं असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. वार्निशमधल्या राळेची ॲलर्जी काहींना असते. मुलाला चिकटपट्टी लावल्यावर कातडी लाल होऊन पुरळ येत असेल तर तीही सांगण्यासारखी गोष्ट आहे, कारण काही चिकटपट्ट्यांच्या डिंकात तीच राळ असते. दुधाची ॲलर्जी असेल तर बोला, काही वार्निशमध्ये दुधातलं प्रथिन घातलेलं असतं. तोंड आलंय, हिरड्यांतून रक्त येऊन जखमा झाल्यात, तर आठ दिवस थांबा. वार्निशमध्ये किंचित अल्कोहोल असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तसं विचारावं, संकोच करायचं कारण नाही.

आणि हे प्रश्न विचारा: एका मुलाचं वेगळं पाकीट फोडणार की मोठ्या ट्यूबमधून काढणार? ट्यूब असेल तर किती काढणार? मुलाचं वजन माहीत आहे का? मागच्या वेळी कधी लावलं होतं, हे कुठे लिहून ठेवता? शाळेत शिबिर झालं असेल तर तिथे लावलं होतं का, हे शाळेलाही विचारा, नाहीतर एकाच आठवड्यात दोनदा लागायचं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर पुण्यात बरे पर्याय आहेत. धनकवडीचं भारती विद्यापीठ, वडगाव बुद्रुकचं सिंहगड, पिंपरीचं डी. वाय. पाटील, कॅम्पातलं रंगूनवाला, या दंत महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. विद्यार्थी काम करतात, पण वर तपासायला शिक्षक असतात. वेळ लागतो, सकाळी लवकर गेलेलं बरं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या तपासणीत दातांची कीडही बघतात. त्या दिवशी मुलाची गैरहजेरी होऊ देऊ नका.

पायरी ५: लावताना

मुलाला भरल्या पोटी आणा. उपाशी पोटी थोडंसं गिळलं तरी मळमळतं.

तीन वर्षांखालच्या मुलाला मी मोठ्या खुर्चीत बसवतच नाही. आई आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतो. मूल आईकडे तोंड करून तिच्या कमरेभोवती पाय टाकून बसतं, मग त्याला अलगद मागे झोपवायचं, म्हणजे डोकं माझ्या मांडीवर येतं. आई त्याचे हात धरते, त्याला वर आईचा चेहरा दिसत राहतो. मी कापसाच्या बोळ्याने दात पुसते. पाकिटातलं वार्निश ब्रशने आधी नीट ढवळते, कारण फ्लोराइड तळाशी बसलेलं असतं. न ढवळता लावलं तर एका दाताला जास्त आणि दुसऱ्याला नुसती राळ. मग वरच्या मागच्या दाढा, पुढचे दात, खालचे, शेवटी पांढऱ्या रेघेवर पुन्हा एकदा. पातळ हात, जाड थर नको. दोन मिनिटंही लागत नाहीत. मूल रडलं तर रडू दे, तोंड उघडं राहतं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, दुखत काहीच नाही.

त्या साडेतीन वर्षांच्या मुलीने वार्निश लागल्यावर जिभेने दात चाचपले आणि आईला म्हणाली, "दाताला डिंक लागला." अगदी तसंच लागतं. काही वार्निश पिवळं असतं, तेव्हा दात दिवसभर पिवळट दिसतात. दुसऱ्या दिवशी ब्रशने निघून जातं.

पायरी ६: त्या दिवशी घरी

पाणी लगेच दिलं तरी चालतं. पुढचे चार तास गरम, कडक आणि चिकट काही नको. कोमट वरण-भात, दहीभात, मऊ खिचडी, केळं चालेल. चिक्की, बाकरवडी, चिवडा, गरम दूध, चहा नको. रात्रीचा ब्रश त्या दिवशी चुकला तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा करा. वार्निश खरवडून काढायचा प्रयत्न मूल करेल, त्याला खेळात रमवा. त्याच दिवशी दुसरं कुठलंही फ्लोराइडचं औषध देऊ नका. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं यातलं काही झालं तर दात पुसून घ्या, भरपूर चुळा भरायला लावा आणि वेळ न घालवता रुग्णालयात न्या. हे क्वचित घडतं, पण घडलं तर वाट बघायची नाही.

गिळलं तर

रात्री साडेनऊला एका आजींचा फोन आला होता. दोन वर्षांच्या नातवाने बाथरूममध्ये बसून पेस्टची ट्यूब चोखली होती. मी विचारलं, ट्यूब किती ग्रॅमची, किती पीपीएमची, नवी होती की वापरलेली, आणि बाळाचं वजन किती. ७० ग्रॅमची, ५०० पीपीएमची, निम्मी वापरलेली, आणि आत अजून थोडी उरलेली. म्हणजे फार तर ३५ ग्रॅम गेली, त्यात १७.५ मिलिग्रॅम फ्लोराइड. बाळ ११ किलोचं, म्हणजे दवाखाना गाठायची रेषा ५५ मिलिग्रॅम. मी सांगितलं, आजी, गार दूध कपभर पाजा आणि दोन तास जागं राहून बघा. दुधातला कॅल्शियम फ्लोराइडला पोटातच धरून ठेवतो. बाळाला एकदा उलटी झाली आणि मग ते झोपलं.

हाच हिशेब तुम्हीही करा: ग्रॅम गुणिले पीपीएम, भागिले हजार, म्हणजे मिलिग्रॅम. त्याला मुलाच्या वजनाने भागा. उत्तर ५ च्या खाली असेल तर दूध किंवा दही द्या आणि लक्ष ठेवा. मळमळ, लाळ गळणं, पोटदुखी, जुलाब होऊ शकतात. ५ किंवा वर असेल, किती गिळलं ते ठाऊकच नसेल, मूल मलूल पडत असेल, हातपाय आखडत असतील किंवा झटका आला, तर १०८ ला फोन करा, शुद्धीवर असेल तर दूध पाजत पाजत रुग्णालयात न्या, आणि ट्यूब सोबत घ्या. बोट घालून उलटी काढू नका. आणि आजच पेस्ट बेसिनवरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. गोड स्वादाची तर नक्कीच.

पुढची तारीख

एरवी सहा महिन्यांनी. पांढऱ्या रेघा आहेत, आधीचे दात किडलेत, रात्री बाटली किंवा गोड दूध चालू आहे, अशा मुलाला तीन ते चार महिन्यांनी. पण झोपताना तोंडात साखर-दुधाची बाटली ठेवून वरून वार्निश लावत राहणं म्हणजे एका हाताने भिंत बांधायची आणि दुसऱ्या हाताने पाडायची. आधी बाटलीतली साखर कमी करत न्या, मग दूध पातळ करत न्या, मग नुसतं पाणी. दहा-बारा रात्री रडतील, मग सवय होते.

त्या मुलीला मी तीन महिन्यांनी बोलावलं. दसऱ्याच्या आसपास आली. ओठ उचलून दात पुसला तर रेघ होती, पण खडूसारखा खरखरीतपणा गेला होता, गुळगुळीत चमक आली होती. खड्डा पडला नव्हता. आईला ती आरशात दाखवली आणि वार्निशचा दुसरा हात लावला.

सहावं वर्ष लागलं की जबड्याच्या शेवटी, दुधाच्या दाढांच्या मागे, एक नवी दाढ गुपचूप वर येते. कुठलाही दात न पाडता ती येत असल्याने घरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बहुतेक आया मला सांगतात, "ही दुधाचीच आहे ना, पडेल." ती पडत नाही, आयुष्यभराची आहे. तिच्या खाचा खोल असतात आणि अर्धी वर आलेली असताना ब्रश तिथे पोचत नाही. सहाव्या वाढदिवसाच्या आठवड्यात टॉर्च घेऊन शेवटपर्यंत बघा. टोक दिसलं की वार्निश लावून घ्या, आणि पूर्ण वर आल्यावर खाचा बुजवणारं सीलंट लावायचं का, हे त्याच भेटीत विचारा.